आवर्त सारणीच्या चार ओळी, केळापूरच्या पाण्यापुरत्या

हायड्रोजन, हेलियम.
ओळ दोघांचीच, कारण पहिल्या कवचात इलेक्ट्रॉन मावतात दोन. हेलियमचं कवच भरलेलं, म्हणून तो कुणाच्या अध्यात ना मध्यात.

लिथियम, बेरिलियम, बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन, निऑन.
वणीचा कोळसा यातल्या कार्बनचा, पऱ्हाटीला घातलेला युरिया नायट्रोजनचा. पण यवतमाळच्या वाचकाने थांबायचं ते फ्लोरीनपाशी. अणुअंक ९, आत २, बाहेर ७. आठाला एक कमी, आणि कवच केंद्रकाच्या इतकं जवळ की इलेक्ट्रॉन ओढण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. म्हणून निसर्गात तो सुटा जवळपास भेटतच नाही. पाण्यात असतो तो फ्लोराइड, २,८.

शंका : आठ पुरे झाले, मग हा निऑनसारखा गप्प का बसत नाही? समाधान : मांडणी निऑनची असली तरी अंगावर ऋण प्रभार आहे, आणि आकार जवळपास हायड्रॉक्साइडएवढा. दाताहाडांच्या खनिजातली हायड्रॉक्साइडची जागा तो बळकावतो. केळापूर, झरी जामणीकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात तो जास्त आहे. अशा पाण्यावर वाढलेल्या मुलांच्या पुढच्या दातांवर आडव्या, पिवळट-तपकिरी रेघा दिसतात. कितीही घासा, जात नाहीत. दात हिरडीत घडत असतानाच त्या पडलेल्या असतात.

सोडियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन, फॉस्फरस, गंधक, क्लोरीन, आर्गॉन.
फ्लोरीनखाली क्लोरीन, २,८,७. बाहेरचा आकडा परतला की स्वभावही परततो, एवढाच आवर्ती नियम. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये तो अणुभारावर बसवला. खरा पाया अणुअंक, हे मोझलीने १९१३ मध्ये दाखवलं.

सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन एकच. तो देऊन मोकळा होतो. सोडियम फ्लोराइड पाण्यात सहज विरघळतं. त्यामुळे सोडियम जास्त, कॅल्शियम कमी अशा पाण्यात फ्लोराइड टिकून राहतो. आणि नेमकं हेच पाणी घरात आवडतं : डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो.

पोटॅशियम, कॅल्शियम … क्रिप्टॉन.
अठरांची ओळ, मधली पंधरा मूलद्रव्यं इथे सोडतो. कॅल्शियम २,८,८,२. त्याचे दोन इलेक्ट्रॉन दोन फ्लोरीन घेतात, आणि होणारं कॅल्शियम फ्लोराइड लिटरभर पाण्यात जेमतेम पंधरा-सोळा मिलिग्रॅम विरघळतं. बाकीचं खाली बसतं.

पाण्यातला फ्लोराइड काढायच्या, नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने बसवलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना लागतो. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमचा साका धरतो, फ्लोराइड त्याच्यासोबत तळाशी जातो. चुन्यासाठी लांब जायला नको. वणी तालुक्यात राजूरला भट्ट्याच आहेत.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरं पाणी नसेल तर १.५ पर्यंत चालतो. बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, तो तेवढाच राहतो.