अर्धी राहिलेली डिग्री

मुलाचं एक वर्ष गेलं म्हटलं की आपल्याकडे घरावर सुतकी कळा येते. त्यातून इंजिनिअरिंग असेल तर विचारूच नका. नातेवाईक दबक्या आवाजात "गॅप पडली म्हणे" म्हणतात आणि पोरगं लग्नाकार्यात यायचं टाळू लागतं. अशा पोरांसाठी, आणि त्यांच्या आईबापांसाठीही, ही एक जुनी हकीकत.

१९४७ साली नील आर्मस्ट्राँग हा ओहायोतला सतरा वर्षांचा मुलगा पर्ड्यू विद्यापीठात विमानांचं इंजिनिअरिंग शिकायला गेला. अमेरिकन नौदलाच्या हॉलोवे योजनेतून त्याला प्रवेश मिळाला होता. दोन वर्षं कॉलेज, मग तीन वर्षं वैमानिकाचं प्रशिक्षण आणि नोकरी, मग परत येऊन उरलेली दोन वर्षं कॉलेज, असा करार. फी नौदल भरणार. मार्क बेताचेच, कधी वर कधी खाली. त्यात दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच, जानेवारी १९४९ मध्ये, नौदलाचं बोलावणं आलं. पुस्तकं मिटली.

पुढे कोरियाचं युद्ध. ७८ मोहिमा. ३ सप्टेंबर १९५१ रोजी विमान एका ताणलेल्या तारेवर आपटलं, पंखाचा तुकडा उडाला, आणि हवाई छत्रीमुळे हा वाचला.

१९५२ मध्ये, बावीस वर्षांचा होऊन, तो पर्ड्यूला परत आला. गंमत अशी, की त्याचे सगळ्यात चांगले मार्क या परतल्यानंतरच्या चार सत्रांतले आहेत! जानेवारी १९५५ मध्ये डिग्री हाती पडली. चार वर्षांच्या शिक्षणाला सात वर्षं उलटून गेली होती. सरासरी सहापैकी ४.८. पहिला-बिहिला नंबर नाही.

मास्तर म्हणून मला वाटतं, मधल्या काळात मुलाची बुद्धी बदलली नव्हती. पंख म्हणजे काय, तो तुटला तर काय होतं, हे आता त्याला फळ्यावरच्या आकृतीशिवाय कळत होतं. शिकण्याला कारण मिळालं होतं.

एम.एस.चंही तेच. एडवर्ड्स तळावर चाचणी-वैमानिक असताना सुरू केलेलं ते शिक्षण प्रबंधापाशी अडकलं. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर पाऊल ठेवून आल्यावर त्याला त्या कागदाची काय गरज होती? पण १९७० मध्ये अपोलोवरच अहवाल सादर करून त्याने तेही पुरं केलं, आणि १९७१ पासून आठ वर्षं सिनसिनाटी विद्यापीठात मुलांना शिकवलं.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. पर्ड्यूतच त्याला जॅनेट शिअरॉन भेटली. ती गृहशास्त्र शिकत होती. १९५६ मध्ये लग्न झालं आणि तिची डिग्री राहिली ती राहिलीच. पुढे आयुष्यात तिला त्याची खंत वाटत असे.

त्याच्या परतीची वाट जाण्याआधीच कागदावर लिहून ठेवलेली होती. तिची कोणी लिहिली नव्हती. "लग्नानंतर शिकवू की" हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. तेव्हा घरात कोणाचं शिक्षण अर्धं राहिलं असेल, मुलगा असो, सून असो की पन्नाशीची वहिनी, "का राहिलं?" हे विचारणं पुरे. "परत कधी जातेस?" एवढंच विचारा.