जुनी डिझेल गाडी घेताय? आधी थंड इंजिन अन् कागद बघा

मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे डिझेल स्विफ्ट, डिझायर आता जुन्या बाजारातच मिळते. इसार देण्याआधी एवढं तपासा.

इंजिन : गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघावी. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, खर्च मोठा. काळा धूर असेल तर एअर फिल्टर, इंजेक्टर, टर्बो मिस्त्रीला दाखवा. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण उघडल्यावर धूर जोरात बाहेर फेकला, तर इंजिन काम काढणार.

बोजा : सातबाऱ्यासारखा आरसीवरही बोजा असतो. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून पाहा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या.

मुदत : खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे फिटनेस करून ५-५ वर्षांनी वाढते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी हा खर्च धरा.

नावावर करणे : नुसत्या स्टॅम्पपेपरवर थांबू नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ३० दिवसांत आरटीओत अर्ज करा. नाव बदललं नाही आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या जुन्या मालकावर येते. म्हणून विकणाऱ्यानेही मागे लागून नाव बदलून घ्यावं.