फ्रान्समधील प्रौढ बाप्तिस्म्यांतील वाढ

फ्रान्समधील प्रौढ बाप्तिस्म्यांतील वाढ ही एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ठळकपणे दिसू लागलेली धार्मिक व सामाजिक घटना आहे. बालपणी बाप्तिस्मा न झालेले अनेक तरुण-तरुणी स्वतःच्या निर्णयाने कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश करू लागल्यामुळे ईस्टरच्या वेळी होणाऱ्या प्रौढ बाप्तिस्म्यांची संख्या २०२३ मधील ५,४६३ वरून २०२५ मध्ये १०,३८४ वर पोहोचली. शासन आणि धर्म यांच्या काटेकोर विभक्ततेसाठी ओळखल्या जाणाऱ्या, तसेच निम्म्याहून अधिक प्रौढ स्वतःला निधर्मी म्हणवतात अशा देशात ही वाढ झाल्याने तिची जगभर चर्चा झाली. ही वाढ म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचे पुनरुज्जीवन आहे की ऱ्हास पावणाऱ्या परंपरेचेच एक वेगळे रूप आहे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

संज्ञा आणि विधी

बाप्तिस्मा हा ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणारा संस्कार होय. मराठी कॅथलिकांमध्ये त्यास स्नानसंस्कार असेही म्हणतात. कॅथलिक परंपरेत तो बहुधा तान्ह्या मुलांना दिला जातो; मात्र ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या शतकांत प्रौढांचा बाप्तिस्मा हीच सर्वसाधारण रीत होती व त्यापूर्वी दीर्घकाळ शिक्षण दिले जाई. ही तयारीची पद्धत मध्ययुगात लोप पावली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीविषयक संहितेत (१९६३) तिचे पुनरुज्जीवन करण्याचा आदेश दिला आणि १९७२ मध्ये प्रौढांच्या दीक्षेचा नवा विधी रोममधून प्रसिद्ध झाला.

या विधीनुसार बाप्तिस्मा मागणाऱ्या व्यक्तीस दीक्षार्थी म्हणतात. फ्रान्समध्ये तयारीचा काळ साधारणतः एक ते दोन वर्षांचा असतो. या काळात दीक्षार्थी बायबलचे वाचन करतो, प्रार्थना शिकतो आणि स्थानिक मंडळीतील काही सोबत्यांसह नियमित भेटतो. हे सोबती बहुधा धर्मगुरू नसून सामान्य श्रद्धावंत असतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील पहिल्या रविवारच्या सुमारास बिशप दीक्षार्थींना नावाने बोलावून त्यांची निवड जाहीर करतात. त्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या मागणीची कारणे सांगणारे पत्र बिशपांना लिहिण्याची प्रथा आहे. उपवासकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या रविवारी विशेष प्रार्थनाविधी होतात आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत बाप्तिस्मा दिला जातो. बाप्तिस्म्यानंतर त्या व्यक्तीस नवदीक्षित म्हणतात.

पार्श्वभूमी

फ्रान्सचा ख्रिस्ती इतिहास परंपरेने एका प्रौढाच्या बाप्तिस्म्यापासून सांगितला जातो. फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस याने पाचव्या शतकाच्या अखेरीस किंवा सहाव्या शतकाच्या आरंभी रँस येथे बिशप रेमी यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. पुढे अनेक शतके कॅथलिक धर्म राजसत्तेशी जोडलेला राहिला. १७८९ च्या राज्यक्रांतीने हे नाते तोडले आणि एकोणिसाव्या शतकातील दीर्घ संघर्षानंतर ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने शासन व धर्मसंस्था पूर्णपणे विभक्त झाल्या. या कायद्याचे पहिले कलम विवेकस्वातंत्र्याची हमी देते, तर दुसऱ्या कलमानुसार प्रजासत्ताक कोणत्याही धर्मपंथास मान्यता, वेतन वा अनुदान देत नाही. अल्सास आणि मोझेल हे प्रदेश त्या वेळी जर्मनीच्या ताब्यात असल्याने तेथे आजही वेगळी व्यवस्था आहे. २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हे परिधान करण्यास विद्यार्थ्यांना बंदी घालण्यात आली.

कायद्यातील विभक्ततेपेक्षा समाजजीवनातील बदल अधिक खोल होता. १९४३ मध्ये आंरी गोदँ आणि इव्हाँ दानिएल या दोन धर्मगुरूंनी फ्रान्स हाच आता धर्मप्रसाराचा प्रदेश झाला आहे काय, असा प्रश्न विचारणारे पुस्तक लिहून खळबळ उडवली. इतिहासकार गियोम क्युशे यांच्या मते निर्णायक घसरण १९६५ च्या सुमारास सुरू झाली. त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार १९६० च्या दशकाच्या मध्यास फ्रान्समध्ये जन्मणाऱ्या सुमारे ९४ टक्के मुलांचा बाप्तिस्मा होत असे व सुमारे २५ टक्के लोक दर रविवारी मिस्सेला जात. आता नियमित जाणाऱ्यांचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आहे.

फ्रान्सच्या जनगणनेत १८७२ नंतर धर्माची नोंद केली जात नाही. त्यामुळे धर्मविषयक माहितीसाठी नमुना पाहण्यांवर अवलंबून राहावे लागते. राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या २०१९-२० च्या पाहणीत १८ ते ५९ वयोगटातील ५१ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे सांगितले. २९ टक्क्यांनी स्वतःस कॅथलिक, तर १० टक्क्यांनी मुस्लिम म्हटले. कॅथलिक कुटुंबांत वाढलेल्यांपैकी ६७ टक्क्यांनी तो धर्म टिकवला होता. मुस्लिम कुटुंबांबाबत हे प्रमाण ९१ टक्के होते.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी झाँ-मार्क सोव्हे यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र आयोगाने ख्रिस्तसभेतील लैंगिक अत्याचारांविषयीचा अहवाल सादर केला. १९५० पासून धर्मगुरू व संन्यस्तांकडून सुमारे २,१६,००० अल्पवयीन मुलांवर अत्याचार झाल्याचा अंदाज त्यात मांडण्यात आला. या अहवालाने संस्थेच्या नैतिक अधिकारास मोठा धक्का बसला. त्यानंतरच्या अवघ्या काही वर्षांत प्रौढ बाप्तिस्मे वेगाने वाढले, हे या घटनेचे एक अनपेक्षित वैशिष्ट्य मानले जाते.

पूर्वीची उदाहरणे

प्रौढ वयात श्रद्धेकडे वळण्याची परंपरा आधुनिक फ्रान्समध्ये नवी नाही. कवी पोल क्लोदेल यांना १८८६ च्या नाताळात पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये श्रद्धेचा अनुभव आला. त्याच वर्षी माजी लष्करी अधिकारी शार्ल द फूको पुन्हा श्रद्धेकडे वळले. २०२२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. तत्त्वज्ञ झाक मारितँ आणि त्यांच्या पत्नी रायसा यांनी १९०६ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तथापि ही मुख्यतः साहित्यिक व विचारवंतांच्या वर्तुळातील उदाहरणे होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर तरुणांसाठी नवी केंद्रे उदयास आली. ब्रदर रॉजे यांनी १९४० मध्ये बर्गंडीतील तेझे या खेड्यात सुरू केलेला सर्वपंथीय मठ पुढे युरोपभरच्या तरुणांचे तीर्थस्थान बनला. १९७२ मध्ये इमॅन्युएल समुदायाची स्थापना झाली. ऑगस्ट १९९७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांच्या उपस्थितीत पॅरिस येथे झालेल्या जागतिक युवा दिनाच्या समारोपास सुमारे दहा लाख लोक जमले. या मेळाव्यांत सहभागी होणारे बहुतेक तरुण आधीच बाप्तिस्मा झालेले होते. त्यामुळे २०२० नंतरची वाढ या परंपरेपेक्षा वेगळी ठरते.

आकडेवारी

फ्रान्सच्या बिशपांची परिषद दरवर्षी ईस्टरपूर्वी धर्मप्रांतांकडून दीक्षार्थींची संख्या मागवून ती प्रसिद्ध करते. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांत ईस्टरच्या प्रौढ बाप्तिस्म्यांची संख्या पुढीलप्रमाणे होती:

२०२३ : ५,४६३
२०२४ : ७,१३५ (सुमारे ३१ टक्के वाढ)
२०२५ : १०,३८४ (सुमारे ४५ टक्के वाढ)

२०२५ मध्ये यांखेरीज ११ ते १७ वयोगटातील ७,४०० हून अधिक मुलामुलींची नोंद झाली. आदल्या वर्षी ती पाच हजारांच्या वर होती. प्रौढांमध्ये १८ ते २५ वयोगटाचा वाटा ४२ टक्के होता व या गटाने २६ ते ४० या वयोगटास प्रथमच मागे टाकले. स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे. सुमारे निम्मे दीक्षार्थी ख्रिस्ती पार्श्वभूमीच्या कुटुंबांतून येतात. उरलेल्यांत निधर्मी कुटुंबांतील तरुण लक्षणीय आहेत, तर मुस्लिम कुटुंबांतून येणाऱ्यांचे प्रमाण अल्प आहे.

हे आकडे केवळ कॅथलिक ख्रिस्तसभेचे आहेत. श्रद्धेच्या जाहीर कबुलीनंतरच बाप्तिस्मा देणाऱ्या इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट मंडळ्यांतील प्रौढ बाप्तिस्म्यांचा त्यांत समावेश नाही.

कारणे

बाप्तिस्म्याची मागणी करण्यामागे एकच कारण आढळत नाही. दीक्षार्थींची पत्रे व मुलाखती यांतून जवळच्या व्यक्तीचा मृत्यू, आजारपण, विवाह, अपत्यजन्म, एखाद्या श्रद्धावंत मित्राचा सहवास आणि आजी-आजोबांच्या श्रद्धेची आठवण ही कारणे वारंवार पुढे येतात. २०२० च्या टाळेबंदीतील एकटेपणाचाही अनेकदा उल्लेख होतो.

पिढीगत बदल हे दुसरे कारण सांगितले जाते. १९६० व १९७० च्या दशकांतील तरुणांनी ज्या धर्मसंस्थेविरुद्ध बंड केले, तिचा अनुभवच आजच्या अनेक तरुणांना नाही. मनात राग किंवा ओझे नसल्याने ते चर्चकडे अपरिचित, म्हणून कुतूहलाच्या दृष्टीने पाहतात. शाळा-महाविद्यालयांत रमजानचे उपवास उघडपणे पाळणाऱ्या मुस्लिम सहाध्यायांमुळे धर्माविषयी बोलणे सहज झाले व इतर तरुणांतही आपल्या परंपरेविषयी प्रश्न निर्माण झाले, असे निरीक्षणही मांडले जाते. राखेच्या बुधवारच्या उपासनेस व उपवासकाळातील आचारांना तरुणांचा वाढता प्रतिसाद याच्याशी जोडला जातो.

समाजमाध्यमांची भूमिकाही महत्त्वाची आहे. यूट्यूबवर श्रद्धाविषयक प्रश्नांना उत्तरे देणारे डोमिनिकन संन्यासी पॉल-आद्रिएँ यांसारखे धर्मगुरू तरुणांत परिचित आहेत. अनेक दीक्षार्थी चर्चचे दार ठोठावण्यापूर्वीच बायबलचे वाचन आणि प्रार्थना स्वतःहून सुरू केलेले असतात. किशोरवयीन मुलांबाबत शालेय धर्मसेवा केंद्रे आणि १९५९ च्या दब्रे कायद्यानुसार शासनाशी करार केलेल्या कॅथलिक शाळा हा संपर्काचा मुख्य मार्ग ठरतो.

अन्वयार्थाविषयी मतभेद

प्रौढ बाप्तिस्म्यांतील वाढ ही प्रत्यक्ष मोजणीवर आधारलेली असल्याने तिच्या वास्तवतेविषयी फारसा वाद नाही. वाद तिच्या अर्थाविषयी आहे. इंग्लंड व वेल्समध्ये बायबल सोसायटीने २०२५ मध्ये तरुणांची चर्चमधील उपस्थिती वाढल्याचा दावा केला, तो मात्र नमुना पाहणीवर आधारित होता व अन्य पाहण्यांत तशी वाढ दिसत नसल्याने संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतले. फ्रान्समधील आकड्यांची तुलना करताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

सर्वांत महत्त्वाचा आक्षेप प्रमाणाविषयी आहे. २००० साली फ्रान्समध्ये सुमारे चार लाख कॅथलिक बाप्तिस्मे होत. २०२० च्या दशकाच्या आरंभी ही संख्या दोन लाखांच्या आसपास आली. म्हणजे प्रौढ बाप्तिस्म्यांत झालेली काही हजारांची भर बालबाप्तिस्म्यांतील घट भरून काढत नाही. किंबहुना दोन्ही प्रवाह परस्परांशी जोडलेले आहेत: आई-वडिलांनी मुलांचा बाप्तिस्मा न केल्यामुळेच मोठेपणी बाप्तिस्मा घेऊ शकणाऱ्यांची संख्या वाढते. नव्या धर्मगुरूंची संख्याही वर्षाला शंभरच्या आसपासच राहिली आहे.

समाजशास्त्रज्ञ दानिएल एर्व्हिए-लेजे यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात 'यात्रेकरू' आणि 'धर्मांतरित' या आधुनिक धार्मिकतेच्या दोन प्रातिनिधिक प्रतिमा मांडल्या होत्या. जन्माने मिळालेल्या धर्माची पकड सैल झाल्यावर श्रद्धा ही वैयक्तिक शोधाची व निवडीची बाब बनते, असे त्यांचे विवेचन आहे. या दृष्टीने पाहता प्रौढ बाप्तिस्म्यांतील वाढ ही धर्मनिरपेक्षीकरणाच्या विरुद्ध जाणारी घटना नसून त्याचाच एक परिणाम ठरते. कॅथलिक लोकसंख्या घटत असतानाच तिच्यातील स्वेच्छेने आलेल्यांचा वाटा वाढतो.

दुसरा वाद राजकीय आहे. काही टीकाकार या वाढीत राष्ट्रीय ओळखीच्या राजकारणाची छाया पाहतात. पॅरिस ते शार्त्र या पारंपरिक लॅटिन मिस्सेशी निगडित पदयात्रेस २०२५ मध्ये सुमारे १९,००० लोक, त्यांत बहुसंख्य तरुण, सहभागी झाले होते. तिचा दाखला या संदर्भात दिला जातो. तथापि पदयात्रेतील बरेच तरुण कॅथलिक कुटुंबांतच वाढलेले असतात, तर दीक्षार्थी शहरी वस्त्या, उपनगरे व निरनिराळ्या सामाजिक स्तरांतून येतात. दोन्ही गटांना एकच मानणे म्हणूनच अपुरे ठरते.

ख्रिस्तसभेपुढील प्रश्न

दीक्षार्थींच्या वाढीमुळे स्थानिक मंडळ्यांवर ताण आला आहे. प्रत्येकास वर्षभर सोबत करणारी माणसे लागतात आणि ती बहुतेक ठिकाणी वयस्क व थोडी असतात. अधिक गंभीर प्रश्न बाप्तिस्म्यानंतरचा आहे. तयारीच्या काळात नवदीक्षिताभोवती एक छोटा गट असतो. ईस्टरनंतर तो विखुरतो आणि रविवारच्या मिस्सेत त्याच्या वयाचे कोणी नसल्यास तो एकाकी पडतो. घरातील इतरांची श्रद्धा नसल्यास हे एकाकीपण वाढते. त्यामुळे काही नवदीक्षित पुढे उपासनेपासून दूर जातात.

या पार्श्वभूमीवर पॅरिसचे आर्चबिशप लोरां उल्रिश यांनी २०२५ मध्ये इल-द-फ्रान्स परिसरातील धर्मप्रांतांची प्रांतिक परिषद भरवण्याचे जाहीर केले. दीक्षार्थी व नवदीक्षित हाच तिचा विषय आहे. प्रांतिक परिषद हा ख्रिस्तसभेच्या कायद्यातील क्वचित वापरला जाणारा मार्ग असल्याने या निर्णयास विशेष महत्त्व दिले गेले. नवदीक्षितांना मंडळीच्या जीवनात स्थान कसे द्यावे आणि त्यांच्या येण्याने मंडळ्यांनी स्वतःत कोणते बदल करावेत, हे प्रश्न तिच्यापुढे ठेवण्यात आले आहेत.