जाफराबाद कुठे हरवते? शोधसूची आणि तिच्या देखभालीचा इतिहास

१/ जुन्या कागदांत ‘जालना जिल्हा’ हे शब्द शोधणाऱ्याला जाफराबाद तालुका सापडत नाही. जालना जिल्हा अस्तित्वात आला तो १ मे १९८१ रोजी. त्याआधी जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. कागद जागेवरच असतो. त्याच्यापर्यंत नेणारी वाट मात्र नसते. हा धागा त्या वाटेचा, म्हणजे सूचीचा.

२/ प्रश्न विचारल्यावर शोधयंत्र कागद वाचत बसत नाही. ते आधी करून ठेवलेली सूची पाहते: प्रत्येक शब्द आणि तो ज्या कागदांत येतो त्यांचे क्रमांक. तेराव्या शतकात पॅरिसच्या डोमिनिकन साधूंनी बायबलची अशी शब्दसूची हाताने तयार केली होती. छापील ग्रंथाच्या शेवटची नामसूची हे तिचेच ओळखीचे रूप.

३/ १९९९ मध्ये डग कटिंग यांनी हेच काम करणारी ‘ल्युसीन’ ही मुक्त प्रणाली जगापुढे ठेवली. तिच्या पायावर शाय बॅनन यांनी २०१० मध्ये ‘इलॅस्टिकसर्च’ उभारले. आता विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरही असा सर्व्हर चालतो. एकेकाळी दप्तरदाराकडे असलेली जबाबदारी त्याबरोबर त्या विद्यार्थ्याकडे आली.

४/ पहिला अडथळा लिपीचा होता. ल्युसीनचा नेहमीचा शब्दविच्छेदक देवनागरी शब्द काना-मात्रांपाशी तोडत असे. २०११ च्या ३.१ आवृत्तीत युनिकोडचे नियम स्वीकारले गेले, तेव्हा शब्द अखंड राहू लागले. त्याच आवृत्तीत हिंदीसाठी स्वतंत्र विश्लेषक आला. इलॅस्टिकसर्चच्या तयार भाषा-विश्लेषकांत मराठीला अशी जागा मिळालेली नाही.

५/ याचा परिणाम असा: ‘जाफराबादेत’, ‘जाफराबादचा’, ‘जाफराबादेस’ हे यंत्राच्या लेखी तीन वेगळे शब्द. त्यात ‘जाफ्राबाद’ आणि नुक्ता दिलेले ‘जाफ़राबाद’ यांची भर. नुक्त्याचा ‘फ़’ तर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना एकच दिसतो, यंत्राला दोन.

६/ शोध रिकामा आला, तर यंत्र शब्द कसा तोडते हे आधी त्यालाच विचारावे. तशी सोय त्यात आहे. नावांची भिन्न रूपे समानार्थी यादीत घालता येतात; औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर ही जोडीही. परंतु विश्लेषक बदलला, तर जुन्या नोंदी आपोआप सुधारत नाहीत. सूची मूळ मजकुरावरून पुन्हा बांधावी लागते.

७/ उलट चूकही घडते. गुजरातच्या किनाऱ्यावर दुसरे जाफराबाद आहे आणि ते जंजिऱ्याच्या सिद्दींच्या ताब्यात होते. मराठी साधनांत दोन्ही नावे एकाच रूपात येतात. नुसत्या शब्दावर विसंबले, तर मराठवाड्याच्या इतिहासात आरमार शिरते. म्हणून प्रत्येक नोंदीला प्रदेशाचा वेगळा रकाना हवा.

८/ सर्व्हर दाद देत नाही, याची कारणेही इतिहासात आहेत. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे पडलेले इलॅस्टिकसर्चचे अनेक सर्व्हर हल्लेखोरांनी पुसले आणि खंडणी मागितली. २०२२ च्या आठव्या आवृत्तीपासून सुरक्षा आरंभापासूनच चालू असते. आवृत्ती बदलल्यावर पूर्वीचा साधा पत्ता चालेनासा झाला, तर यंत्र बिघडले असे नव्हे. दाराला कुलूप लागले आहे.

९/ दुसरे कारण जागेचे. डिस्क ८५ टक्के भरली की यंत्र सूचीचे नवे भाग तिथे ठेवणे थांबवते, ९० टक्क्यांना असलेले भाग हलवू पाहते आणि ९५ टक्क्यांना लेखनच रोखते. एकट्या लॅपटॉपवर हलवायला दुसरी जागा नसते. शोध चालू राहतो, नवे कागद मात्र आत जात नाहीत. स्मृतीचेही तसेच: जावाला निम्म्याहून अधिक देऊ नये, कारण सूचीच्या फायली झटपट वाचण्यासाठी उरलेली स्मृती लागते.

१०/ तिसरे कारण काळाचे. नवी मुख्य आवृत्ती लगतच्या मागील आवृत्तीची सूची वाचते. त्याहून जुनी थेट उघडत नाही. मोडीचे हेच झाले. अक्षरे कागदावर राहिली, वाचणारे विरळ झाले.

११/ २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची गरज भासली. ‘नोंद आढळली नाही’ या तीन शब्दांवर कुटुंबाचा दाखला अडतो. शोधणाऱ्याने वाट नीट तपासली होती का, हे त्या शब्दांत कुठेच लिहिलेले नसते.

१२/ म्हणून सूचीला मूळ साधन मानू नये. मूळ मजकूर, नावांची यादी आणि सूची पुन्हा बांधण्याची कृती स्वतंत्र जपावी. सूची गेली तरी ती परत उभी राहते. आणि शून्य निकाल आला, तर ‘जाफराबाद नाही’ असे लिहिण्यापूर्वी ते कोणकोणत्या रूपांत शोधले, हे लिहून ठेवावे.