निर्वंश

आमच्या कुलवृत्तांतात पणजोबांच्या धाकट्या भावापुढे एकच शब्द छापलेला आहे : निर्वंश. त्यापलीकडे मला नेले ते दुसऱ्याच कुळाचा वृत्तांत जमवणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे आडनावाआधी मूळ गाव सांगा, आडनावे बदलतात, हा सल्ला त्यांचाच.

वही निघाली ती मोडीत. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो आणि अक्षरे तिला टांगतो. शब्द तोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही फारसा पाळत नाही. शिक्षकांनी ओळीवर बोट फिरवत वाचले : शके १८४१ (इ.स. १९१९-२०), रामकुंडी आईच्या अस्थी, समागमे कन्या दोन. कन्यांची नावे नाहीत.

म्हणजे मुलगा नव्हता, एवढाच त्या छापील शब्दाचा अर्थ! कुलवृत्तांत पुरुषांच्या शाखा मोजतात. लेकी सापडल्याच तर सासरच्या पुस्तकात, माहेरच्या नावासह. तेव्हा आता शिक्षकांसारख्या इतर संकलकांकडून त्यांच्या कुळांचे वृत्तांत मागवून मी सुनांची माहेरे चाळतो आहे. आमचे आडनाव आणि आमचे गाव असलेली एक सून मिळाली आहे. तिच्या नातवाला गेल्या महिन्यात पत्र टाकले.