सुखनिवासचे जॅक आणि अणुकेंद्राचे दावे

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून जाता-येता आपण एकदा तरी थबकला असाल. दगडावर दगड कसा टिकतो, हे त्या बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. त्याच दगडातल्या अणूचा गाभा कशाने टिकतो, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडणे शक्यच नव्हते. अणुकेंद्राचा शोधच १९११ सालचा. केंद्रातले प्रोटॉन सारख्याच विद्युतभाराचे, म्हणजे एकमेकांना ढकलणारे. तरी केंद्र फुटत नाही. त्या ढकलण्याला पुरून उरणारी जी ओढ तिथे आहे, तिला तीव्र बल म्हणतात. केंद्राबाहेर ते जवळजवळ नाहीसेच होते, म्हणून आपल्या अनुभवाला येत नाही.

येत नाही, हे तरी कसे म्हणावे? आपले वजन बहुतांशी त्याचेच आहे. प्रोटॉनमध्ये मुख्यतः तीन क्वार्क; पण त्यांचे स्वतःचे वस्तुमान प्रोटॉनच्या शेकडा एकाच्या आसपास. बाकी सारी त्यांच्या धावपळीची आणि त्यांना बांधणाऱ्या ग्लुऑनांची ऊर्जा.

१९७३ साली ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी या बलाचा विचित्र स्वभाव गणिताने दाखवला. दाव्याला बांधलेले वासरू खुंट्याजवळ मोकळे हिंडते; दूर जाऊ लागले की दावे ताणते. क्वार्कांचे तसेच. २००४ साली तिघांना नोबेल मिळाले. समीकरणे हाती आहेत, ती सोडवणे दुस्तर. एकटा सुटा क्वार्क कधीच का सापडत नाही, याची गणिती सिद्धता आजही नाही. या प्रश्नाच्या जवळच्या एका कोड्याला क्ले संस्थेने २००० साली दहा लाख डॉलरांचे बक्षीस लावले. ते अजून कोणी नेलेले नाही. मग अवकाश-काळाचे जाळे कल्पून संगणकाकडून उत्तर काढायचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी याच वाटेने, केंद्रद्रव्य वितळून क्वार्क-ग्लुऑनांचा रस होतो त्या संक्रमणाचा क्रांतिक बिंदू कुठे असावा, याचे गणित मांडले. प्रयोगवाले तो बिंदू शोधत आहेत.

यात इंदूर कुठे आले? आपल्या बैठकीत होळकरशाही निघते, सी. के. नायडू निघतात, सुखनिवासला १९८४ साली सुरू झालेले ‘कॅट’ क्वचितच निघते. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर घेराच्या त्वरकात प्रोटॉन आणि शिशाची केंद्रे एकमेकांवर आदळतात. तिथले तीसएक टनांचे चुंबक मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतक्या नेमकेपणाने जागेवर बसवणारे सुमारे ७ हजार जॅक भारताने दिले, आणि त्यांची रचना कॅटने केली. सिमरोलच्या आयआयटीतले संशोधकही तिथल्या ‘अ‍ॅलिस’ प्रयोगात हा रस अभ्यासतात. घरी पाहुणे आले की राजवाडा जरूर दाखवावा, पण ही गोष्टही सांगावी, असे मला वाटते.

आणि एक नाव सांगावे: रोहिणी गोडबोले. १९५२ साली पुण्यात जन्म, हुजूरपागेत शिक्षण, पुढे मुंबई विद्यापीठ आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. प्रकाशकण कोणत्याही घटकांचा बनलेला नाही असे आपण मानतो. पण क्षणभर तो क्वार्क-ग्लुऑनांचे रूप घेऊ शकतो. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांचे अतिदाट पुंजके समोरासमोर आले की त्यांतून प्रकाश निघतो. हे प्रकाशकण आपसांत आदळून तीव्र बलाच्या कणांचा एवढा कचरा करतील की हवी ती घटना त्यात बुजेल, असे त्यांनी आणि मानुएल ड्रीस यांनी १९९१ साली हिशेबाने दाखवले. यंत्र बांधणाऱ्यांना पुंजक्यांच्या रचनेचा नव्याने विचार करावा लागला. रोहिणीताई ऑक्टोबर २०२४ मध्ये गेल्या. ज्या मोठ्या रेषीय त्वरकांसाठी तो हिशेब होता, त्यांतला एकही अजून उभा राहिलेला नाही; आराखडे मात्र तो कचरा धरूनच काढले जातात.