आजीच्या पदराला लावलेला माईक

मागच्या दिवाळीत मी साडेपाच हजारांचा कंडेन्सर माईक घेतला. आजीच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या होत्या. आजी शहाऐंशी वर्षांची. माहेरी जात्यावर बसून शिकलेल्या ओव्या तिला अजून येतात, पण दर वर्षी थोड्या कमी. घरी बसून रेकॉर्डिंग ऐकलं तर त्यात आजी होती, पंखा होता, कुकरच्या तीन शिट्ट्या होत्या आणि खालच्या भाजीवाल्याची आरोळीसुद्धा होती. माईक बिघडलेला नव्हता, त्याचं काम तो चोख करत होता. मग मी रिव्ह्यूचे व्हिडिओ बघणं थांबवलं आणि ही वस्तू मुळात कुणी, कशासाठी बनवली ते शोधत बसलो.

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्गने कोलकात्यात गौहरजानचं गाणं रेकॉर्ड केलं, तेव्हा माईक नव्हताच. एक भलामोठा कर्णा, त्याच्या टोकाला पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. सुई हलायची ती फक्त गाणाऱ्याच्या आवाजाच्या जोरावर. वीज नाही, गेन वाढवायचं बटण नाही. कर्ण्यात तोंड घालून दमदार गाईल त्याचाच आवाज उमटणार. माझ्या आजीचा आवाज तिथे एक रेघही ओढू शकला नसता.

१९१६ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ई. सी. वेंटेने कंडेन्सर माईक बनवला. धातूचा ताणलेला पातळ पडदा, त्याच्यामागे एक प्लेट, दोघांमध्ये केसाएवढी फट आणि वर विजेचा भार. पडदा जरा हलला की सिग्नल बदलतो. १९२५ पासून विजेवरचं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि कुजबुजल्यासारखं गाणंही तबकडीवर उतरू लागलं. मोठाच बदल. पण हा माईक ज्यांच्यासाठी होता त्यांच्याकडे जाड भिंतींचे, पडदे लावलेले स्टुडिओ होते. शांततेचा खर्च कंपनीने आधीच केलेला असायचा. मी माईक घेतला, शांतता घ्यायची राहिली.

(इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण असतं ना, त्याचीही गोष्ट आहे. १९६६ मध्ये नॉर्वेच्या रेडिओला नॉयमन कंपनीचे माईक हवे होते. हिवाळ्यातल्या काळोखामुळे त्यांच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय होतीच. माईक त्याच विजेवर चालवले. पुढे तोच आकडा जगभर रूढ झाला.)

“घरात गोंगाट असेल तर डायनॅमिक घे,” असं सगळेच सांगतात. डायनॅमिकमध्ये चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी असते, दणकट प्रकार. शूअरचा एसएम५८ आला १९६६ मध्ये आणि स्टेजवर स्थिरावला. पण तो गोंगाट गाळतो ही समजूत अर्धीच खरी आहे. मागून येणारा आवाज तो कमी घेतो, पण तेवढं तर माझा कंडेन्सरही करत होता. खरी करामत अंतराची आहे. गायक तो ओठांना लावून गातो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो. जवळून गाणाऱ्याला खोली ऐकूच येत नाही.

मित्राचा डायनॅमिक आणून आजीपुढे धरला. ती म्हणाली, “आरं, ह्या दांडक्याकडं बघून काय वव्या येत्यात व्हय?” दोन फुटांवर ठेवला तर गेन एवढा चढवावा लागला की पंखा परत हजर. शिवाय आजीला हात रिकामे ठेवून गाताच येत नाही. जातं गेलं, आता सुपात तांदूळ निवडताना गाते.

उत्तर १९६२ सालातलं निघालं. बेल लॅब्समध्ये गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर विजेचा भार कायमचा बसवला. या इलेक्ट्रेट माईकच्या पडद्याला बाहेरून मोठा व्होल्टेज द्यावा लागत नाही. वेंटेचाच कंडेन्सर, पण बोटाच्या पेरावर मावणारा आणि स्वस्त. कॉलरला लावायचे हजाराच्या आतले माईक बहुतेक याच जातीचे. हा चारही बाजूंचं ऐकतो, म्हणून मी तो आधी यादीतून काढला होता. पण तोंडापासून वीतभर अंतरावर राहतो आणि माणूस वळला तरी सोबत वळतो.

गेल्या रविवारी तो आजीच्या पदराला अडकवला, वायर पाठीमागून फोनला. पंखा तासाभरापुरता बंद. थोड्या वेळाने ती माईक विसरली. फाइल एकेचाळीस मिनिटांची आहे. बांगड्या वाजतात, सुपात तांदूळ पडतात, एक शिट्टी लांबून येते. सव्वीसाव्या मिनिटाला ती अडते, पुढचे शब्द तिला सापडत नाहीत. तांदूळ निवडणं चालूच राहतं. मग तिला ते सापडतात.